कामाच्या ठिकाणी होणारा छळ : सहन करण्याआधी माहीत असावे असे काही

नोकरीच्या ठिकाणी होणाऱ्या छळाची व्यथा घेऊन धर्मग्रामाच्या कार्यालयात येणारी माणसे बहुधा उशिरा येतात. तोपर्यंत राजीनामा देऊन झालेला असतो किंवा झोप उडून रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झालेल्या असतात. काही वर्षांपूर्वी भेटलेली एक परिचारिका माझ्या कायमची लक्षात राहिली आहे. एका खासगी रुग्णालयात रात्रपाळीला असताना एक वरिष्ठ डॉक्टर तिच्याशी लगट करीत असे. तिने विनंती करून दुसऱ्या विभागात बदली मागून घेतली आणि विषय मनात मिटवून टाकला. "फादर, मी कुणाला काही बोलले नाही, देवावर सोडून दिलं," असे ती म्हणाली. तो डॉक्टर पुढे तिच्याच नव्या विभागाचा प्रमुख होणार असे कळले, तेव्हा ती माझ्याकडे आली. शेवटचा प्रसंग घडून सात महिने झाले होते. कायद्याने तक्रारीसाठी दिलेली मुदत तीन महिन्यांची आहे आणि सबळ कारण असल्यास आणखी तीन महिन्यांची. हे तिला मलाच सांगावे लागले. तिच्या सहनशीलतेला दोष देण्याचा अधिकार मला नव्हता, कारण तिच्या धर्मग्रामात तोवर या विषयावर कोणी एक शब्दही उच्चारला नव्हता.

म्हणून हा लेख. नोकरीधंद्यानिमित्त रोज लोकलने मुंबई गाठणारे, शाळांतून शिकवणारे, रुग्णालयांतून सेवा करणारे, घरकाम करणारे, जहाजावर किंवा आखातात असलेले आपले बंधुभगिनी यांनी तो वाचून बाजूला जपून ठेवावा, अशी अपेक्षा आहे.

छळ कशाला म्हणावे?

साहेब कडक आहे, एवढ्याने छळ होत नाही. चूक झाली म्हणून सभ्य भाषेत जाब विचारणे, कामाचा हिशेब मागणे, नियमाप्रमाणे बदली करणे हा व्यवस्थापनाचा अधिकार आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. छळ ओळखावा तो त्याच्या सातत्यावरून आणि त्यामागील हेतूवरून. एकाच व्यक्तीला सर्वांसमोर वारंवार अपमानित करणे, तिच्या जातीवरून, रंगावरून, भाषेवरून वा धर्मावरून टोमणे मारणे, मुद्दाम काम न देता बसवून ठेवणे किंवा कोणालाही न झेपणारे काम देऊन मग चुका मोजणे, बैठकीचा निरोपच न देणे, सहकाऱ्यांना तिच्याशी बोलण्यास मज्जाव करणे, मध्यरात्री फोन करून धमकावणे, गोपनीय अहवाल बिघडवण्याची भीती घालणे, अशी याची नाना रूपे आहेत.

या प्रकाराचा पहिला शास्त्रशुद्ध अभ्यास स्वीडनमध्ये झाला. मूळचे जर्मन असलेले मानसशास्त्रज्ञ हाइन्त्स लेमान यांनी १९८०च्या दशकात कार्यालयांतून एकट्या पडलेल्या माणसांची पाहणी केली आणि अशा वर्तनाचे पंचेचाळीस प्रकार नोंदवले. आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने हा त्रास चालू असेल, तर त्याला छळ म्हणावे, अशी त्यांची मोजणी होती. स्वीडनने १९९३ साली कामावरील छळाविरुद्ध स्वतंत्र नियमावली केली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ साली स्वीकारलेला एकशे नव्वदावा करार याहून पुढे जातो. एकदाच घडलेली घटनाही छळ असू शकते, असे त्यात मान्य केले आहे. माझ्या मते हेच योग्य आहे. सहा महिने मोजत बसण्याची अट संशोधकाला उपयोगी पडेल, पण रोज सकाळी ऑफिसच्या पायऱ्या चढताना ज्याच्या पोटात गोळा उठतो त्याच्या ती काय कामाची?

भारतात मात्र एक मोठी विषमता आहे आणि ती आरंभीच स्पष्ट केलेली बरी. स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध आपल्याकडे सविस्तर कायदा आहे. इतर छळाविरुद्ध, मग तो पुरुषाचा असो वा स्त्रीचा, असा स्वतंत्र कायदा नाही. तेथे निरनिराळ्या कायद्यांचे तुकडे जोडून वाट काढावी लागते.

भटेरीच्या एका साथिनीमुळे

लैंगिक छळाविरुद्धचा कायदा दिल्लीच्या एखाद्या कार्यालयात जन्मलेला नाही. राजस्थानातील भटेरी या खेड्यात भंवरी देवी या राज्य शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करीत होत्या. एका तान्ह्या मुलीचा बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केल्याबद्दल १९९२च्या सप्टेंबरमध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. तो त्यांच्या कामाचा सूड होता. १९९५ साली सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. परंतु काही स्त्रीसंघटनांनी 'विशाखा' या नावाने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी त्या न्यायालयाने कामाच्या ठिकाणी स्त्रीला सुरक्षितता देणे ही मालकाची जबाबदारी ठरवून मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. निकाल देणाऱ्या तीन न्यायमूर्तींमध्ये न्या. सुजाता मनोहर होत्या, ज्या त्यापूर्वी मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश झाल्या होत्या. संसदेला कायदा करायला मात्र आणखी सोळा वर्षे लागली. तो २०१३ साली संमत झाला आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरपासून लागू झाला.

ज्या आस्थापनेत दहा किंवा अधिक माणसे काम करतात, तेथे मालकाने 'अंतर्गत समिती' नेमलीच पाहिजे. समितीची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील स्त्री असावी, निम्म्याहून कमी सदस्य स्त्रिया नसाव्यात आणि एक सदस्य बाहेरच्या, या विषयाशी परिचित असलेल्या स्वयंसेवी संस्थेतील असावा. दहापेक्षा कमी माणसे असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या 'स्थानिक समिती'कडे जाता येते. तालुका, आदिवासी क्षेत्र व नगरपालिका पातळीवर यासाठी समन्वय अधिकारी नेमण्याची तरतूद असून त्याने आलेली तक्रार सात दिवसांत समितीकडे पोचवायची असते. कोणाकडे जावे हे समजत नसेल, तर जिल्हाधिकारी कार्यालयात विचारावे. केंद्र शासनाने २०१७ साली 'शी-बॉक्स' हे ऑनलाइन तक्रार पोर्टलही सुरू केले आणि २०२४ साली त्याची नवी आवृत्ती आणली.

पगारी, कंत्राटी, रोजंदारी, शिकाऊ, इतकेच काय पण विनामूल्य सेवा करणारी स्त्रीही या कायद्याने कर्मचारी ठरते. घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत ते घरच कामाचे ठिकाण मानले जाते. कामासाठी केलेला प्रवास आणि मालकाने पुरवलेले वाहनही त्यात येते. हे आपल्या घरी भांडी-धुणे करायला येणाऱ्या बाईंना कोणी सांगितले आहे का, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा.

तक्रार लेखी द्यायची असते. नियमाप्रमाणे तिच्या सहा प्रती, सोबतची कागदपत्रे आणि साक्षीदारांची नावे-पत्ते द्यावेत. लिहिता येत नसेल, तर लिहून देण्यास मदत करणे हे समितीचे कर्तव्य आहे. स्त्री आजारी असल्यास तिचे नातेवाईक, मैत्रीण किंवा सहकारी तक्रार करू शकतात. समितीने सात दिवसांत एक प्रत संबंधित व्यक्तीकडे पाठवायची, त्या व्यक्तीने दहा दिवसांत उत्तर द्यायचे, चौकशी नव्वद दिवसांत संपवायची आणि अहवाल आल्यावर मालकाने साठ दिवसांत कार्यवाही करायची, असा क्रम आहे. कोणत्याही पक्षाला समितीपुढे वकील आणता येत नाही. साध्या नोकरदार स्त्रीला याचा धसका वाटतो. वास्तविक तो तिच्याच सोयीसाठी आहे.

फारशी माहीत नसलेली एक तरतूद आहे. चौकशी चालू असताना तक्रारदार स्त्रीला त्याच माणसाच्या हाताखाली काम करीत राहावे लागत नाही. तिने लेखी मागणी केल्यास दोघांपैकी एकाची बदली किंवा तिला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा देण्याची शिफारस समिती करू शकते. तिचा गोपनीय अहवाल लिहिण्याचे कामही त्याच्याकडून काढून घेता येते. माझ्याकडे आलेल्या त्या परिचारिकेने स्वतः बदली मागितली. कायदा माहीत असता, तर बदली त्या डॉक्टरची झाली असती.

तडजोडही कायद्याला मान्य आहे, परंतु ती स्त्रीने स्वतः मागितली तरच, आणि पैशांच्या देवघेवीवर तडजोड करता येत नाही. "तक्रार सिद्ध झाली नाही तर तुलाच शिक्षा होईल," अशी भीती सर्रास घातली जाते. ती निराधार आहे. पुरेसा पुरावा देता आला नाही, एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, असे कायद्यातच लिहिले आहे. शिक्षा होते ती द्वेषबुद्धीने, खोटे आहे हे जाणून केलेल्या तक्रारीला, आणि तो द्वेष चौकशीत सिद्ध व्हावा लागतो.

आरोप झालेल्या माणसालाही आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. गोवा विद्यापीठातील एका प्राध्यापकाच्या बडतर्फीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा मे २०२३ मध्ये न्यायालयाने ती बडतर्फी रद्द करून प्रकरण फेरचौकशीसाठी परत पाठवले. चौकशी इतक्या घाईने उरकण्यात आली होती की, त्यांना बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नव्हती. घाईघाईची चौकशी तक्रार करणारीलाही न्याय देत नाही, कारण वर्षानुवर्षांच्या मनस्तापानंतर सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते. त्याच निकालात न्यायालयाने ठिकठिकाणी समित्या खरोखर अस्तित्वात आहेत की नाहीत, हे तपासण्याचे आदेशही दिले.

समितीची वाट धरली म्हणून पोलिसांची वाट बंद होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ मध्ये लैंगिक छळ हा गुन्हा आहे. नको असताना अंगाला हात लावणे वा शरीरसुखाची मागणी करणे यासाठी तीन वर्षांपर्यंत आणि अश्लील शेरेबाजीसाठी एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. समितीची मुदत टळून गेली, तरी हा मार्ग शिल्लक असतो. महिलांसाठी १८१ व तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

जेथे स्वतंत्र कायदा नाही

पुरुष कर्मचाऱ्याला वरिष्ठाने सतत शिवीगाळ केली किंवा एखाद्या शिक्षिकेला मुख्याध्यापकांनी वर्षभर पाण्यात पाहिले, तर वर सांगितलेली समिती उपयोगी पडत नाही. वीस किंवा अधिक कामगार असतील तेथे तक्रार निवारण समिती असावी, ही तरतूद औद्योगिक विवाद कायद्यात २०१० साली आली आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ती ठेवण्यात आली. मोठ्या कंपन्यांची स्वतःची आचारसंहिता असते आणि शासकीय नोकरीत सेवानियम असतात. ते पुस्तक नोकरीला लागताना हातात पडते आणि कपाटात जाते. ते काढून वाचावे. जिवे मारण्याची वा बदनामीची धमकी, मारहाण आणि कोंडून ठेवणे हे सर्वसाधारण फौजदारी गुन्हे आहेतच.

जातीवरून अपमान झाल्यास १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो, पण येथे आपल्या समाजाने एक भेद ध्यानात ठेवावा. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलित बांधवांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. अनुसूचित जमातींना धर्माची अशी अट नाही. त्यामुळे ख्रिस्ती आदिवासी बांधवांना ते संरक्षण मागता येते, तर ख्रिस्ती दलिताला त्याच शिवीबद्दल वेगळा मार्ग शोधावा लागतो. हा अन्याय आहे आणि तो दूर व्हावा म्हणून ख्रिस्तसभा अनेक वर्षे मागणी करीत आली आहे.

महाराष्ट्रातील खासगी शाळांच्या शिक्षक-शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी १९७७चा सेवाशर्ती कायदा आहे. बडतर्फी, पदावनती किंवा ज्येष्ठता डावलल्यास तीस दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. दमदाटी करून घेतलेल्या राजीनाम्यांचा अनुभव गाठीशी असल्याने या कायद्याने राजीनाम्याचीही रीत ठरवून दिली आहे. तो दोन प्रतींत लिहून दोन्हींवर सही व तारीख घालायची, एक प्रत रजिस्टर टपालाने संस्थेकडे पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. समोर बसवून टंकलिखित कागदावर सही मागितली जात असेल, तर सही करू नये. घरी जावे, घरच्यांशी बोलावे.

वही

छळ होत आहे अशी शंका येताच, तक्रार करायची की नाही हे ठरण्याच्याही आधी, एक साधी वही घ्यावी. प्रसंग घडला त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा, उच्चारलेले नेमके शब्द आणि जवळ कोण उभे होते हे लिहावे. शब्द घाणेरडे असले तरी ते जसेच्या तसे लिहावेत. "ते वाईट बोलले" या वाक्यावरून चौकशी करणाऱ्याला काहीच समजत नाही. आपल्याकडील सुशील मुली नेमक्या येथेच अडखळतात. मोबाइलवर आलेले संदेश पुसून टाकू नयेत आणि मूळ मोबाइल विकू नये. तोंडी दिलेला अवाजवी हुकूम त्याच दिवशी नम्र ईमेलने पक्का करून घ्यावा : आपण आज सांगितल्याप्रमाणे अमुक काम मी रविवारी करावे असे मला समजले आहे, कृपया कळवावे. झोप, भूक, रक्तदाब यांवर परिणाम झाला असेल, तर डॉक्टरांना कारण सांगून औषध घ्यावे, म्हणजे त्यांच्या कागदावर तारखेसह नोंद राहते. मन फारच खचले असेल, तर शासनाच्या 'टेलि-मानस' या सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. कार्यालयाची गोपनीय कागदपत्रे मात्र स्वतःच्या ईमेलवर पाठवू नयेत. त्यावरून उलट आपल्यावरच कारवाई होते.

आणि राजीनामा देण्याची वेळ आलीच, तर त्यात 'वैयक्तिक कारणास्तव' असे लिहू नये. संबंध बिघडू नयेत म्हणून माणसे सभ्यपणे तसे लिहितात आणि पुढे तेच दोन शब्द त्यांच्याविरुद्ध वाचून दाखवले जातात.

जहाजावर आणि परदेशात

गोव्यातील व वसईतील अनेक कुटुंबांचा कर्ता जहाजावर असतो. तेथे छळ करणारा आणि छळ सोसणारा महिनोन्महिने एकाच लोखंडी भिंतींत राहतात. सागरी श्रम करारात २०१६ साली केलेल्या व २०१९च्या जानेवारीत अमलात आलेल्या दुरुस्त्यांनी जहाजावरील छळ व दमदाटी हा सुरक्षिततेचाच प्रश्न मानला आहे. जहाजावरील तक्रारपद्धतीची प्रत प्रत्येक खलाशाला नोकरीच्या करारासोबत मिळाली पाहिजे. त्याला थेट कप्तानाकडे तक्रार करता येते आणि बंदरात लागल्यावर तेथील अधिकाऱ्याकडेही जाता येते. बंदरांतून खलाशांची विचारपूस करणारी 'स्टेला मारिस' ही कॅथोलिक सेवा १९२० साली ग्लासगो येथे सुरू झाली. तिचे धर्मगुरू व स्वयंसेवक जहाजावर येऊन भेटतात. आखातात असणाऱ्यांनी भारतीय दूतावासाशी संपर्क साधावा. परराष्ट्र मंत्रालयाचे २०१५ साली सुरू झालेले 'मदद' पोर्टल याचसाठी आहे, आणि त्यावर गावी असलेल्या कुटुंबीयांनाही तक्रार नोंदवता येते.

क्षमा आणि तक्रार

"फादर, तक्रार केली तर मी क्षमा केली नाही असं होईल का?" हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. प्रभूने मत्तयच्या अठराव्या अध्यायात अपराधी बंधूला एकांतात समजवायला सांगितले आहे, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच ठिकाणी पुढे, तो ऐकत नसेल तर साक्षीदार घ्या आणि तरीही ऐकत नसेल तर मंडळीपुढे मांडा, असे सांगितले आहे, ते मात्र विसरले जाते. शिवाय तो उपदेश समान पातळीवरील बंधूंना आहे. एकट्या मुलीला तिच्या साहेबाच्या बंद खोलीत समजूत घालायला पाठवावे, असा त्याचा अर्थ मी तरी काढणार नाही. रूथच्या पुस्तकात परकी, विधवा रूथ सरवा वेचायला येते, तेव्हा शेताचा मालक बवाज आपल्या गड्यांना तिच्या वाटेस न जाण्याची ताकीद आधीच देऊन ठेवतो. तिला तक्रार करावीच लागत नाही. मालकाचे कर्तव्य ते हेच.

आता आपल्याच अंगणात पाहू. धर्मप्रांताच्या आणि धर्मसंघांच्या शाळा, रुग्णालये, पतसंस्था, समाजसेवा केंद्रे या सर्वांना २०१३चा कायदा लागू आहे. अल्पसंख्याक संस्था म्हणून त्यातून सूट नाही. भारतीय कॅथोलिक बिशप्स परिषदेने २०१७ साली यासाठी स्वतःची मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली. शाळेत शिकवणाऱ्या धर्मभगिनी, मोबदला न घेता चर्चच्या कार्यालयात काम करणाऱ्या स्वयंसेविका याही कायद्याच्या दृष्टीने कर्मचारीच आहेत. तक्रार धर्मगुरूविरुद्ध असली, तरी समितीचे काम बदलत नाही. अशी तक्रार आली की 'संस्थेची बदनामी नको' हे वाक्य आपल्या तोंडी पटकन येते. मीही ते कधी काळी उच्चारले आहे आणि आज त्याची खंत वाटते.

समितीच्या सदस्यांची नावे व तक्रारीची पद्धत ठळक जागी लावणे मालकावर बंधनकारक आहे. समिती न नेमल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि तीच चूक पुन्हा झाल्यास तो दुप्पट होतो. पुढच्या वेळी मुलांच्या शाळेत किंवा आपल्या रुग्णालयात जाल तेव्हा सूचनाफलकासमोर क्षणभर थांबा. सदस्यांची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची असते, तेव्हा नावांच्या यादीखालची तारीखही पाहावी. यादीच नसेल, तर मुख्याध्यापकांना किंवा व्यवस्थापकांना लेखी विचारावे आणि त्या पत्राची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी.